दरफाळणीचा रोजा कोणी धरायचा?

एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा गोषवारा आधी देते.

त्या ठाण्यात राहतात, वय 46, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, समाजातल्या. वडील गेले, आई त्यांच्याकडेच असते. आईचं वय 74, जुना मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. तरी दरवर्षी दरफाळणीच्या सणाला, म्हणजे किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, आई पाण्याचा थेंबही न घेता रोजा धरते. गेल्या वर्षी दुपारच्या प्रार्थनेला ती बाकावरच कोसळली. साखर मोजली तर 54. जबरदस्तीने तोंडात ग्लुकोज घातलं तेव्हा जरा वेळाने डोळे उघडून ती एवढंच म्हणाली, "माझा रोजा मोडलात."

यंदा लेकीने महिनाभर आधीच विषय काढला. आई आधी चिडली, मग दोन दिवस बोललीच नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "या घरात कोणीतरी रोजा धरणारं हवं. तू धर, मी सोडते." लेकीने वीस वर्षांत रोजा धरलेला नाही. देवावर विश्वास आहे की नाही, हे तिचं तिलाच सांगता येत नाही. धाकटा भाऊ इस्राएलमध्ये अश्दोदला स्थायिक आहे. अलिबागजवळची आजोबांची वाडी विकताना आपल्याला विचारलं नाही, यावरून तो चार वर्षं बहिणीशी बोलत नाही. आईशी बोलतो, पण बहिणीने फोन घेतला की ठेवून देतो.

त्यांचे प्रश्न असे: विश्वास नसताना रोजा धरणं हे ढोंग नाही का? आणि आई ऐकतच नसेल, तर सिनेगॉगमधल्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरातल्या, हझानांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) विनंती करून "तुम्हाला रोजा माफ आहे" असं तिला खोटंच सांगून घेऊ का?

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मी तीनदा वाचला. हझानांनी खोटं सांगावं अशी तुमची इच्छा आहे. त्यांनी खरं सांगितलं तरी तुमचं काम होईल. खोट्याची गरजच नाही.

तुम्ही पत्रात सगळीकडे धरून चालला आहात की एका बाजूला धर्म आहे आणि दुसऱ्या बाजूला आईची तब्येत, आणि तुम्ही मध्ये उभं राहून आईला धर्माकडून तब्येतीकडे ओढता आहात. आईलाही तसंच वाटतं, म्हणून ती दुसऱ्या बाजूने ओढते. पण मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियमसंग्रहातला योमा नावाचा सगळा ग्रंथच या एका दिवसाबद्दल आहे आणि त्याच्या आठव्या अध्यायात आजारी माणसाचं काय करायचं ते स्पष्ट लिहिलं आहे. जाणकारांनी सांगितलं की खायला द्यायचं, तर द्यायचं. जाणकार तिथे नसतील तर आजारी माणूस "पुरे" म्हणेपर्यंत द्यायचं. तल्मूद, म्हणजे मिश्नावरची जुन्या गुरूंची चर्चा, त्याच्याही पुढे जातो. जाणकार म्हणाले गरज नाही आणि आजारी माणूस म्हणाला गरज आहे, तर माणसाचं ऐकायचं, कारण मनाचं दुःख मनालाच ठाऊक. उलटं झालं, म्हणजे वैद्य म्हणाला खायलाच हवं आणि रोगी म्हणाला नको, तर? तेव्हा वैद्याचं ऐकायचं. तुमच्या घरात हेच दुसरं चाललं आहे, आणि त्याचा निकाल दीड-दोन हजार वर्षांपूर्वी लागलेला आहे.

हे "चालेल", "सूट आहे", "माफ आहे" या सुरातलं नाही, हे आईला सांगताना फार महत्त्वाचं. जिवाला धोका असताना खाणं हीच त्या दिवशीची आज्ञा आहे. पवित्र शास्त्रातल्या लेवीय या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात म्हटलं आहे की माणसाने या आज्ञांनी जगावं, आणि जुन्या गुरूंनी त्याचा अर्थ लावला: जगावं, मरू नये. 1848 साली पूर्व युरोपातल्या विल्नात कॉलऱ्याची साथ होती. तेव्हा रब्बी (धर्मगुरू) इस्राएल सलांतेर यांनी लोकांना किप्पूरचा रोजा धरू नका असं बजावलं, आणि लोक तयार होईनात म्हणून स्वतः सगळ्यांसमोर व्यासपीठावर उभं राहून खाल्लं, असं सांगतात. त्या माणसाची धर्मनिष्ठा तुमच्या आईपेक्षा कमी होती असं कोणी म्हणणार नाही.

मी हे इतकं ठासून लिहिते त्याला कारण आहे. माझ्या बाबांची मूत्रपिंडं अशक्त झाली होती आणि तरी त्यांनी पंचवीस तास पाणी न घेता रोजा पुरा केला होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. रोजा संपल्याचं सांगणारा शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांना मिठी मारली, शेजारच्या बाकावरचे काका म्हणाले, "वाघ आहेस." त्याच रात्री त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. बरे झाले, पण पूर्वीसारखे कधी झाले नाहीत. आम्ही कोणीच, एका माणसानेही, आधी हझानांना किंवा डॉक्टरांना विचारलं नव्हतं. कौतुक मात्र सगळ्यांनी केलं. त्या कौतुकाचं ओझं माझ्यावर अजून आहे.

आता आईकडे वळू. तुम्ही लिहिता की ती हट्टी आहे. असेल. पण तिचं वाक्य पुन्हा वाचा: या घरात कोणीतरी रोजा धरणारं हवं. "माझा रोजा" असं ती यंदा म्हणालेली नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, नवरा गेलेला, मुलगा समुद्रापलीकडे, मुलगी वीस वर्षं या सगळ्यापासून लांब. तिला दिसतं आहे की सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायलाही फोन करावे लागतात. 1948 नंतर आपल्या समाजातली बहुसंख्य माणसं इस्राएलला गेली, अश्दोदमध्ये, लोदमध्ये, बेअरशेबात, दिमोनात वसली, आणि इथे राहिलेल्यांच्या अंगावर सगळ्या वारशाचा भार आला. तुमची आई बहुधा उपाशी राहण्याबद्दल बोलतच नाही. ती विचारते आहे की तिच्या पाठीमागे दार कोण लावणार.

दार हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना दरफाळणी हे नाव माहीत नसेल, म्हणून थोडं सांगते. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजारीपाजारी शनवार तेली म्हणत, ते किप्पूरला दरफाळणीचा सण म्हणत आले. त्या दिवशी दारं लावून घ्यायची. अंघोळ करून पांढरे कपडे घालायचे, घरात बसायचं, बाहेरच्या कोणाला भेटायचं नाही, बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. दारं उघडायची, गरिबांना दान द्यायचं, नातेवाइकांकडे, स्नेह्यांकडे जायचं.

यातलं मला सगळ्यांत थोर काय वाटतं सांगू? ही माणसं तेव्हा सिनेगॉगला जात नव्हती, कारण सिनेगॉग नव्हतंच. आपल्या समाजाचं पहिलं सिनेगॉग, शआर हारहमीम, मुंबईत मांडवीला 1796 साली उभं राहिलं. समाजी हसाजी दिवेकरांनी टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर ते बांधलं. मशीद बंदर हे स्टेशनाचं नाव त्याच "मशिदी"वरून पडलं, असं आपल्याकडे मानतात. त्याच्या आधी कित्येक पिढ्या नवगावपासून रेवदंड्यापर्यंतच्या खेड्यांत ना रब्बी होता, ना हिब्रू पोथ्या. तोंडपाठ होता तो शेमा, देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना. किप्पूरच्या सुरुवातीला संध्याकाळी म्हणतात ते कोल निद्रे त्यांनी ऐकलं नव्हतं, त्या दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेला नइला म्हणतात ते ठाऊक नव्हतं. आणि तरी तिश्री महिन्याची दशमी, म्हणजे किप्पूरचा दिवस, चुकली नाही. घराचं दार लावून, पांढरे कपडे घालून ते बसले.

म्हणून आईला सिनेगॉगच्या बाकावर बसवता आलं नाही तर तिचा सण गेला, असं तिने मानू नये आणि तुम्हीही मानू नका. तब्येतीला झेपेल तेवढा वेळ ती सिनेगॉगला जाईल, उरलेला वेळ घरात दार लावून बसेल. हे तडजोड म्हणून सांगू नका. तिच्या पणजीने हा सण कसा पाळला असेल, एवढंच तिला विचारा. तिला आठवेल. या पिढीला अशा गोष्टी आठवतात आणि कोणी विचारत नाही म्हणून त्या सांगत नाहीत.

आता तिच्या सौद्याबद्दल. "तू धर, मी सोडते." रोजा बदली देता येत नाही. तुमच्या उपाशी राहण्याने तिचा रोजा भरत नाही, आणि तिच्या खाण्याने तुमच्यावर कर्ज चढत नाही. हे तिला प्रेमानेच पण स्पष्ट सांगायला हवं. नाहीतर उद्या दुपारी दोनला तुमचं डोकं दुखून तुम्ही चहा घेतलात, तर ती म्हणेल की सौदा मोडला, आता मी धरते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचं जेवण दुसऱ्या कोणाच्या निश्चयावर टांगून ठेवू नका. तिने खायचं हे ठरलं. मग तुम्ही रोजा धरायचा की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो तुमचा आहे.

तुम्ही विचारता, हे ढोंग नाही का? मला वाटतं तुमची कल्पना अशी आहे की विश्वास आधी पक्का असतो आणि मग त्यातून रोजा येतो, त्यामुळे विश्वासावाचून रोजा म्हणजे पाटी रंगवलेलं रिकामं दुकान. या दिवसाची मांडणी मात्र तशी नाही. अनेक ठिकाणी कोल निद्रेच्या आधी एक वाक्य म्हटलं जातं: वरच्या न्यायसभेच्या आणि खालच्या न्यायसभेच्या संमतीने, आम्ही अपराध्यांबरोबर प्रार्थना करायला मुभा देतो. वर्षातली सगळ्यांत पवित्र रात्र, आणि पहिली गोष्ट केली जाते ती ही की जे लांब गेले त्यांना आत घ्यायचं. तल्मूद म्हणतो, ज्या रोजात इस्राएलचे अपराधी सामील नाहीत तो रोजाच नव्हे, आणि दाखला देतो जेरुसलेमच्या जुन्या मंदिरातल्या धुपाचा. त्या धुपात हेल्बना नावाचा उग्र वासाचा डिंक असे. एकटा तो कोणी हुंगणार नाही, पण त्याच्यावाचून धूप पुरा होत नसे. पापांची कबुलीसुद्धा पाहा: "अशमनू, बगदनू", सगळं अनेकवचनात. आम्ही चुकलो, आम्ही विश्वासघात केला. "मी" कुठेच नाही. त्या "आम्ही"मध्ये शंका घेणाऱ्यालाही जागा आहे.

ढोंग कशाला म्हणतात? आपल्याकडे नाही ते आहे असं दुसऱ्याला भासवणं म्हणजे ढोंग. तुम्ही आईला जर म्हणालात, "आई, मला देवाचं नीट कळत नाही, पण यंदा मी तुझ्याबरोबर धरणार आहे," तर त्यात लपवलेलं काय आहे? तुझ्याऐवजी नव्हे, तुझ्याबरोबर. माझं मत विचाराल तर, डॉक्टरांची तुमच्यासाठी हरकत नसेल, तर धरा. विश्वास येईल म्हणून नव्हे. पंचवीस तास फोन बंद, चूल बंद, आणि आईशेजारी बसणं, हे तुम्ही गेल्या वीस वर्षांत एकदाही केलेलं नाही, आणि तिची वर्षं मोजकी आहेत. नाही धरला तरी त्या दिवशी घरी राहा आणि तिच्यासोबत दार लावून घ्या. पण मग कामावर जाऊन संध्याकाळी फक्त शोफार ऐकायला पोचू नका. तिला ते फार लागेल.

तुमच्या पत्रात ज्यावर तुम्ही जेमतेम चार ओळी लिहिल्या, त्या भावाबद्दल मला जास्त बोलायचं आहे. त्याच आठव्या अध्यायाच्या शेवटी मिश्ना सांगते: माणूस आणि देव यांच्यातल्या अपराधांचं किप्पूरच्या दिवशी क्षालन होतं. माणूस आणि माणूस यांच्यातल्या अपराधांचं होत नाही, जोवर आपण त्या माणसाला मनवत नाही. म्हणजे तुम्ही पन्नास तास उपाशी राहिलात, तरी वाडीचा विषय तिथेच राहणार. उलट, ज्या बाबतीत तुम्हाला विश्वास नाही ती देवाची बाब, आणि ही भावाची. ही करायला श्रद्धेची अट नाही. तुम्हाला प्रामाणिकपणे पाळता येईल असा किप्पूरचा भाग शोधत असाल, तर तो हा आहे.

तुम्ही लिहिलं आहे, "चूक माझी थोडी, त्याची जास्त." मान्य करू. मग आपल्या थोड्याची माफी मागा. त्याच्या जास्तीचा हिशोब तुमच्याकडे नाही. रांबामने, म्हणजे मध्ययुगातल्या ज्यू धर्मपंडित मैमोनिडीसने, पश्चात्तापाच्या नियमांत याचा मार्ग घालून दिला आहे: समोरचा ऐकत नसेल तर तीन माणसांना सोबत घेऊन जा, नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्यानंतरही त्याने माफ केलं नाही, तर त्याला सोडून द्या. आता दोष त्याच्याकडे. मला यातला "सोबत माणसं घेऊन" हा भाग फार शहाणपणाचा वाटतो. एकटीने फोन केला की तो ठेवून देतो, हे तुम्ही पाहिलंच आहे. मग दोघांना मान्य असा कोणी मामा, आत्या, चुलतभाऊ इस्राएलमध्ये असेल, तर त्याला मध्ये घाला. आईला मात्र मध्ये घालू नका. ती चार वर्षं दोन्ही फोनांच्या मध्ये उभी आहे, आणि मला शंका आहे की ती इतका कडक रोजा धरते त्यात या भांडणाचाही वाटा असेल. तिला विचारून पाहा. मी चुकतही असेन.

काय बोलायचं? लांबण नको. "वाडी विकताना तुला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मला माफ कर." किंमत, सह्या, मुखत्यारपत्र, त्या वेळी तो कसा वागला होता, यातलं काहीही त्या फोनमध्ये आणू नका. आणि कृपा करून हे मेसेजवर उरकू नका. किप्पूरच्या आदल्या दिवशी "कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी" असे हात जोडलेले संदेश शंभर जणांना एकदम जातात. त्यातून ज्याचं खरंच दुखावलं आहे त्याला कळतं की तो शंभरातला एक आहे. सप्टेंबरात तिकडची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. त्याच्या सकाळी, तो कामाला निघण्यापूर्वी नव्हे, तर शुक्रवारच्या सुटीत फोन करा. आणि तोही यंदा 18 सप्टेंबरच्या आत करा. अगदी शेवटच्या दिवसावर ठेवला आणि त्याने उचलला नाही, तर तुम्ही तो घाव घेऊन सिनेगॉगला जाल.

आता व्यवहाराच्या गोष्टी. यातल्या बऱ्याच इतर वाचकांनाही लागू पडतील, मग त्यांचा उपास किप्पूरचा असो, रमजानचा असो की निर्जळी एकादशीचा.

आईला घेऊन निदान तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे जा. तुम्ही बोलू नका, तिलाच बोलू द्या. "रोजा धरू का?" एवढंच विचारून निघू नका. त्या दिवशी इन्सुलिन किती आणि कधी, गोळ्या कोणत्या वेळी, साखर किती वेळा तपासायची, हे तारखेसकट कागदावर लिहून घ्या. मनाने इन्सुलिन कमी करणं किंवा चुकवणं दोन्ही धोक्याचं. तो कागद घेऊन हझानांकडे किंवा तुम्ही मानता त्या रब्बींकडे जा, पुन्हा आईलाच पुढे करून. "मुलीने सांगितलं म्हणून सोडला" आणि "मी स्वतः विचारून, आज्ञा म्हणून खाल्लं" यांत तिच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे.

तिथे ते कदाचित थोडं थोडं खाण्याची पद्धत सांगतील. मिश्नात रोजा मोडण्याचं माप दिलं आहे: खाण्याचं माप बीसकट मोठ्या खजुराएवढं, पिण्याचं एक गालभर. त्याहून कमी, ठरावीक अंतराने घेतलं तर ज्यांना चालण्यासारखं असतं त्यांना तसा मार्ग सुचवतात. पण इन्सुलिनवरच्या माणसाला तेवढं पुरेल की नीट जेवावंच लागेल, हे डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नव्हे. आणि साखर 70 च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला, तर कोणतंही माप पाहू नका. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज ताबडतोब, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना. गेल्या वर्षी तुम्ही घाबरून जे केलंत त्यात ती ठसकली असती तर जिवावर बेतलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. आजारपणामुळे त्या दिवशी जो खातो, तो चोरून खात नाही. तो आधी आशीर्वचन म्हणतो आणि मग खातो, आणि पोटभर भाकरी खाल्ली तर जेवणानंतरच्या प्रार्थनेत त्या दिवसाचा उल्लेखही करतो. म्हणजे तिचं खाणं त्या दिवसाच्या प्रार्थनेतच बसतं. तिला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं राहून बिस्किट खायला लावू नका. टेबलावर पांढरं कापड घाला, बसवा, आणि तुम्ही रोजात असलात तरी समोर बसा. "आमेन" म्हणा.

आदल्या दिवसाचं जेवण आईच्या हाती सोपवा. तल्मूदाच्या मते जो नवमीला नीट खातोपितो, त्याने नवमी-दशमी दोन्ही दिवस रोजा धरल्यासारखं आहे. म्हणजे त्या दिवशी खाऊ घालणं हेही पुण्याचंच. तिला यंदा रोजा नाही, पण रोजेकऱ्याला जेवू घालायचं काम तिचं. भात, वरण, नारळाच्या दुधातलं कोंबडीचं कालवण, मीठ-मसाला बेताचा, पाणी दिवसभर. तुम्ही वीस वर्षांनी धरता आहात, तर आठवडाभर आधीपासून चहा एकेक कप कमी करत आणा, म्हणजे दुपारच्या डोकेदुखीने हैराण होणार नाही. चामड्याच्या चपला त्या दिवशी चालत नाहीत, रबरी चपला किंवा कापडी बूट काढून ठेवा.

यंदाची एक अडचण आधीच लक्षात घ्या. गेली दोन वर्षं किप्पूर आणि दसरा एकाच दिवशी आले, 12 ऑक्टोबर 2024 आणि 2 ऑक्टोबर 2025. त्यात आश्चर्य नाही, दोन्ही दशमी एकाच चंद्राच्या. यंदा अधिक ज्येष्ठामुळे पंचांग मागे सरकलं आणि आपली दशमी भाद्रपदात, ऐन गणपतीत आली. 20 सप्टेंबरला रविवारी संध्याकाळी कोल निद्रे, आणि तोच गणपतीचा सातवा दिवस. विसर्जनाच्या मिरवणुकांत ठाण्यात रस्ते अडणार. सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास आहे, तेव्हा आईला घेऊन साडेचारलाच निघा, किंवा सिनेगॉगपासून चालत जाता येईल अशा कोणाकडे मुक्काम करा. रात्री घरी ढोल ऐकू येतील. येऊ देत. कोकणातल्या खेड्यांतही ऐकू येत असणारच.

सोमवारचा दिवस असा आखता येईल. सकाळची प्रार्थना आईने घरीच करावी, साखर तपासून, खाऊन. दुपारी विश्रांती. मग मिन्हाच्या, म्हणजे दुपारच्या प्रार्थनेच्या, वेळेला तिला घेऊन जा, कारण तेव्हा योनाचं पुस्तक वाचतात, आणि नइलाला ती हजर असेल. योना हा देवापासून पळून गेलेला माणूस, आणि वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी गोष्ट वाचायची ती त्याची. तुम्हाला ती आवडेल असं मला वाटतं. शेवटी शोफार एकदा लांब वाजेल, तेव्हा आई तुमच्याशेजारी उभी असावी, बाकावर आडवी नव्हे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेले, लिथियमसारखं पाणी कमी झाल्यावर रक्तात चढणारं औषध घेणारे, आणि ज्यांना पूर्वी जेवण सोडण्याचा मानसिक आजार होऊन गेला आहे, या सगळ्यांनी निर्जळी उपासाआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. शेवटच्या गटातल्यांना तर मी विनवते: तुमच्यासाठी न खाणं सोपं आहे, खाणं कठीण आहे. त्या दिवशी कठीण ते करा. मुलांवर रोजा लादायचा नसतो, हेही मिश्नात आहे. वयात यायच्या एक-दोन वर्षं आधीपासून थोडी थोडी सवय लावतात, तेवढंच.

आणि शिळ्या सणाबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून आठवण करून देते. 22 सप्टेंबरला रजा काढा, सोमवारची मिळाली नाही तरी ही काढा. आईला घेऊन दोन घरी जा, जिथे म्हातारं माणूस एकटं आहे अशा. रोजाच्या दिवशी सकाळी जे यशया संदेष्ट्याचं वचन वाचतात, त्यात भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याचं सांगितलं आहे. आपल्या कोकणातल्या लोकांनी ते वचन बहुधा ऐकलंही नव्हतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी ते दान वाटतच होते. आईच्या हाताने काही द्या. तिला त्या दिवशी घरात बसवून ठेवू नका, तिच्या सणाचा तो अर्धा भाग आहे.

भावाने फोन उचलला की नाही, आणि नइलाच्या वेळी आईची साखर किती होती, हे दोन्ही मला शिळ्या सणाला कळवा. मी वाट पाहते आहे.